पहाडगंजचं सांडपाणी पुढे कुठे जातं?

नवी दिल्ली स्टेशनातून पश्चिमेकडे बाहेर पडून रस्ता ओलांडला की पहाडगंज सुरू होतं. मेन बाजाराची लांबच लांब गल्ली, दोन्ही अंगांना लॉज आणि गेस्टहाउस, तळमजल्यावर ढाबे, लस्सीची दुकानं, धोबी, न्हावी. थोडं पुढे आरामबागेत नूतन मराठी शाळा आहे. दिल्लीत मंत्रालयात काम असलेला, परीक्षेला आलेला किंवा हिमालयात निघालेला मराठी माणूस एखादी रात्र या भागात काढतोच. सकाळी सहा ते नऊ या वेळात इथल्या शेकडो मोऱ्या आणि संडास एकाच वेळी वाहू लागतात. तेवढ्यातच ढाब्यांची भांडी घासली जातात आणि लॉजच्या चादरी धुतल्या जातात. मोरीच्या जाळीखाली गेलेल्या या पाण्याचं पुढे काय होतं, ते पायरीपायरीने पाहू.

आधी दिल्लीची अडचण समजून घ्यायला हवी. मुंबईकडे समुद्र आहे. तिथे वरळी आणि वांद्र्याला सांडपाणी बोगद्यांतून काही किलोमीटर आत नेऊन खोल पाण्यात सोडता येतं. हे योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, पण पाणी पसरायला तिथे जागा तरी आहे. दिल्लीकडे फक्त यमुना आहे, आणि तिचंही बरंचसं पाणी वझिराबादला शहरासाठी उचललं जातं. पावसाळा सोडला तर वझिराबादच्या खाली नदीत जे वाहतं त्यात नाल्यांचाच वाटा मोठा असतो. वझिराबाद ते ओखला हा यमुनेचा बावीस किलोमीटरचा तुकडा नदीच्या एकूण लांबीच्या दोन टक्केही भरत नाही. तरी तिच्या प्रदूषणाचा सुमारे तीन चतुर्थांश भार याच तुकड्यात तिच्यात शिरतो. खाली मथुरा आहे, आग्रा आहे. तिथली माणसं हीच नदी वापरतात. समुद्रापासून दूरच्या गावाचं सांडपाणी नेहमीच खालच्या कुणाच्या तरी पाण्यात मिसळतं, मग ते गाव दिल्लीएवढं असो की हजार वस्तीचं.

सांडपाणी दिसतं घाण, पण त्यात ९९.९ टक्के पाणीच असतं. सगळा खटाटोप उरलेल्या एका दशांश टक्क्यासाठी चालतो. त्यात मैला, अन्नाचे कण, तेल, साबण, माती, रोगजंतू आणि लघवीतला नायट्रोजन असतो. ही घाण मोजायची एक जुनी पद्धत आहे, बीओडी. पाण्यातली सेंद्रिय घाण खाऊन संपवायला जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, हे तो आकडा सांगतो. भारतात ही चाचणी २७ अंश तापमानाला तीन दिवस ठेवून करतात. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. उन्हाळ्यातल्या स्वच्छ नदीच्या एका लिटरमध्ये विरघळलेला प्राणवायू जेमतेम आठ मिलिग्रॅम. म्हणजे २५० बीओडीचं एक लिटर सांडपाणी नदीत पडलं, तर ते तीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकतं. मासे मरतात ते अनेकदा विषाने नव्हे, श्वास कोंडून. हा एक हिशेब लक्षात राहिला की पुढची सगळी यंत्रणा कशासाठी उभी आहे ते कळतं. नदीत जिवाणू जे काम करणार आहेत, ते नदीत पोचण्याआधी टाकीत उरकून घ्यायचं.

आता वाट धरू. लॉजच्या मोरीतून निघालेलं पाणी इमारतीच्या चेंबरमध्ये येतं, तिथून गल्लीखालच्या गटारवाहिनीत, तिथून मोठ्या वाहिनीत. दिल्लीतले लोक तिला ‘सीवर’ म्हणतात. पावसाच्या पाण्याची ‘नाली’ वेगळी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सीवर प्रक्रिया केंद्राकडे जाते आणि नाली थेट नाल्याकडे, म्हणजे यमुनेकडे.

सीवरला बहुतेक ठिकाणी पंप नसतो, असतो तो उतार. तो असा ठेवावा लागतो की पाणी सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर वेगाने वाहील. त्याहून हळू वाहिलं तर मैला आणि वाळू तळाशी बसतात. शिवाय वाहिनी पूर्ण भरून चालवत नाहीत, वर हवेला जागा ठेवतात. मध्य दिल्लीचं सांडपाणी ओखल्याच्या क्षेत्रात मोडतं आणि पहाडगंजपासून ओखल्याचं केंद्र सरळ रेषेतही बारा किलोमीटरच्या आसपास आहे. दर हजार मीटरला एक मीटर उतार धरला, तर बारा किलोमीटरला वाहिनी बारा मीटर खाली जाईल. जमीन रिज या टेकड्यांकडून यमुनेकडे उतरते म्हणून थोडी मदत होते, पण ती पुरत नाही. म्हणून वाटेत पंपिंग स्टेशनं असतात. खोल विहिरीत जमलेलं सांडपाणी तिथे वर उचलतात आणि पुन्हा उताराला लावतात. त्या स्टेशनाची वीज गेली किंवा पंप बिघडला तर पाणी मागे तुंबतं आणि सगळ्यात सखल गल्लीतल्या झाकणातून वर येतं.

वाहिनी तुंबण्याची दुसरी कारणं स्वयंपाकघरात सापडतात. छोले-भटुऱ्यांच्या कढईतलं तेल गरम असताना पातळ असतं. गटारात थंड झालं की ते भिंतीला चिकटतं, त्यावर साबण, केस आणि पिशव्यांचे तुकडे बसतात, आणि काही महिन्यांत वाहिनीचं तोंड निम्मं होतं. यावर उपाय साधा आहे. ढाब्याच्या मोरीनंतर ग्रीस ट्रॅप बसवायचा, म्हणजे एक छोटी टाकी, जिच्यात पाणी थोडा वेळ थांबतं, तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी पुढे जातं. तेवढं तेल आठवड्याला काढावं लागतं. जिथे हे केलं जात नाही तिथलं तेल शेवटी दुसऱ्या कुणाला तरी हाताने काढावं लागतं.

आणि इथे थांबायलाच हवं, कारण हा ‘दुसरा कुणी’ माणूस आहे. तुंबलेल्या वाहिनीत प्राणवायू उरत नाही. तिथे वेगळे जिवाणू काम करतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की तो नाकाची जाणीवच मारतो, वास येईनासा होतो, आणि आत उतरलेल्याला वाटतं की हवा ठीक आहे. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. अरुंद गल्ल्यांत शिरू शकतील अशी छोटी यंत्रं दिल्लीत आली आहेत. तरीही देशात गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. प्रक्रिया केंद्राचं कितीही कौतुक केलं तरी त्याचं पाणी अशा मरणातून पोचत असेल, तर ती व्यवस्था स्वच्छ म्हणता येणार नाही.

वाहिनी ठीक असेल तर काही तासांत सकाळचं पाणी ओखल्याला येतं. इथलं पहिलं केंद्र १९३७ चं. पुढे टप्प्याटप्प्याने वाढ झाली आणि आता जुन्या चार टप्प्यांच्या जागी एकच नवं केंद्र उभं राहिलं आहे. त्याची क्षमता १२४ एमजीडी, म्हणजे दिवसाला ५६४ दशलक्ष लिटर. यमुना कृती योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात जपानच्या कर्जातून ते बांधलं गेलं आणि २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. आकार प्रचंड आहे, पण आतल्या पायऱ्या कोणत्याही छोट्या केंद्रात असतात त्याच.

पहिली पायरी जाळीची. लोखंडी गजांच्या जाळीत चिंध्या, बाटल्या, पिशव्या, सॅनिटरी पॅड अडकतात आणि यांत्रिक दाताळं ते उचलून बाहेर टाकतं. नंतर वाळूची टाकी. इथे पाण्याचा वेग सेकंदाला तीस सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात. त्या वेगाला जड वाळू बसते, हलका मैला बसत नाही आणि पुढे जातो. वाळू इथेच काढली नाही तर पुढचे पंप घासून निकामी होतात. तिसरी टाकी निवळणीची. दोन-अडीच तास पाणी जवळजवळ स्थिर राहतं, निम्म्याहून अधिक गाळ तळाला बसतो, तेल-फेस वर येतो. एवढ्यानेच बीओडी तिसरा हिस्सा कमी होतो. इथपर्यंत फक्त गुरुत्वाकर्षणाने काम केलं आहे.

जे पाण्यात विरघळलेलं आहे ते बसून निघणार नाही. त्यासाठी येते एरेशन टँक, केंद्राचं खरं हृदय. तळाला बारीक छिद्रांच्या रबरी तबकड्या असतात, ब्लोअर त्यांतून हवा सोडतो आणि अख्खी टाकी खदखदत राहते. त्या पाण्यात जिवाणूंचे तपकिरी पुंजके तरंगत असतात. ते विरघळलेली घाण खातात, काही जाळून टाकतात, काहीपासून आपलीच संख्या वाढवतात. पुढच्या टाकीत हवा बंद, पाणी शांत. पुंजके खाली बसतात आणि वरून निवळ पाणी वाहून जातं. बसलेल्या गाळातला मोठा भाग पंपाने परत एरेशन टँकमध्ये सोडतात, कारण तिथे येणाऱ्या नव्या घाणीला भुकेले, तयार जिवाणू लगेच हवे असतात. कालच्या दह्यातलं चमचाभर विरजण आजच्या दुधाला लावावं, तसंच हे. वाढलेला जादा गाळ मात्र रोज काढून टाकावा लागतो.

ही युक्ती १९१४ ची आहे. इंग्लंडात मँचेस्टरला एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पण बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही. तो तसाच ठेवून त्यावर नवं सांडपाणी घातलं, पुन्हा हवा सोडली, पुन्हा निवळू दिलं. दर फेरीला गाळ वाढत गेला आणि सुरुवातीला जे काम व्हायला आठवडे लागत, ते शेवटी काही तासांत होऊ लागलं. त्यांच्या आधीही लोक सांडपाण्यात हवा सोडतच होते. गाळ जपणं हा शोध त्या दोघांचा. आज जगातल्या बहुतेक मोठ्या केंद्रांत याच तत्त्वाची कुठली ना कुठली तऱ्हा चालते.

केंद्र नीट चाललं आहे की नाही हे कळायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या उभ्या काचेच्या मापात भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. चांगला गाळ एकत्र बसतो, मधली रेघ स्पष्ट दिसते, वरचं पाणी निवळ असतं. तीस मिनिटांनी रेघ साधारण २५० ते ४०० मिलिलिटरवर असली तर बहुधा ठीक चाललंय. ऑपरेटर याला ‘एसव्ही थर्टी’ म्हणतात. गाळ बसतच नाही, वर सुटा तरंगतो, तेव्हा हवा, अन्न किंवा गाळाचं वय यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. नाकही सांगतं. निरोगी टाकीला ओल्या मातीचा वास येतो. कुजका वास आला की हवा कमी पडते आहे.

बीओडी उतरला तरी नायट्रोजन आणि फॉस्फरस उरतात. लघवीतला अमोनिया काही जिवाणू हवेच्या मदतीने नायट्रेटमध्ये बदलतात. मग मुद्दाम हवा बंद ठेवलेल्या भागात दुसरे जिवाणू श्वासासाठी त्या नायट्रेटमधलाच प्राणवायू काढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. फॉस्फेट काढणं अधिक खर्चिक आहे. दिवाळी-छठच्या सुमारास कालिंदी कुंजजवळ यमुनेवर पांढऱ्या फेसाचे ढीग दिसतात. साबण-डिटर्जंटमधली फेसाळ द्रव्यं आणि फॉस्फेट असलेलं पाणी ओखला बंधाऱ्यावरून पडतं, ढवळतं आणि फेस धरतं. या फेसात शहराच्या धुण्याच्या पावडरीचा वाटा मोठा आहे.

शेवटी क्लोरीन किंवा अतिनील प्रकाशाने रोगजंतू मारतात. जुना दंडक बीओडी ३० पर्यंत आणण्याचा होता. दिल्लीत आता तो १० आहे. अंघोळीयोग्य नदीला ३ किंवा त्याहून कमी लागतो. म्हणजे नियमाप्रमाणे चाललेल्या केंद्राचं पाणीसुद्धा नदीत स्वच्छ पाण्याची जोड मागतंच, आणि यमुनेत ती जोड फार थोडी उरली आहे.

काढलेल्या गाळाचं काय? तो बंद डायजेस्टरमध्ये जातो. तिथे हवेविना, पस्तीस अंशांच्या आसपास, तीनेक आठवड्यांत कुजतो आणि त्यातून सुमारे साठ टक्के मिथेन असलेला वायू निघतो. नव्या ओखला केंद्रात त्यापासून वीज करण्याची सोय आहे. जुन्या केंद्रातला वायू एकेकाळी जवळच्या वसाहतींच्या स्वयंपाकघरांना नळाने दिला जाई. ही कल्पना आपल्याकडे त्याहून जुनी आहे. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू काढून दिव्यांसाठी वापरला होता. समाजाने दूर लोटलेल्या माणसांच्या वस्तीत देशातला एक पहिला जैववायू पेटला, हे महाराष्ट्राने अधिक अभिमानाने सांगायला हवं.

एवढी मोठी टाकी, ब्लोअर, वीज हे सगळं छोट्या वस्तीला परवडणार नाही, असं वाटेल. त्याचं उत्तर पहाडगंजहून पाच-सहा किलोमीटर पश्चिमेला आहे. पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत कृषी कुंज या कर्मचारी वसाहतीचं सांडपाणी रोज बावीस लाख लिटर या क्षमतेने पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून शुद्ध होतं. ‘जलोपचार’ असं त्या पद्धतीचं नाव आहे. आधी टाकीत जड गाळ बसवतात, मग पाणी खडीच्या वाफ्यांतून हळूहळू झिरपतं. वाफ्यांत पाणकणीस लावलेलं आहे. ही वनस्पती आपल्या पोकळ देठांतून मुळांपर्यंत हवा नेते. मुळांभोवती आणि खडीवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढतो आणि एरेशन टँकमधलंच काम तिथे ब्लोअरशिवाय होतं. रसायन नाही, वीज नावापुरती. निघालेलं पाणी संस्थेच्या शेतीला जातं. नागपूरच्या नीरी संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धतही याच घराण्यातली. आपल्याकडे अशा वाफ्यांत कर्दळ, वाळा, वेखंड लावता येतात. महाराष्ट्रातल्या हजार-दोन हजार वस्तीच्या गावाला, आश्रमशाळेला, वसतिगृहाला माझ्या मते हाच रस्ता योग्य आहे. यंत्र बंद पडलं की गावात दुरुस्तीला माणूस मिळत नाही. कर्दळ मात्र गावाला लावता येते आणि कापताही येते.

याची किंमत जागेत मोजावी लागते. उष्ण हवामानातही माणशी एक-दोन चौरस मीटर वाफा हवा. हजार माणसांच्या गावाला ते दहा-वीस गुंठे होतात, म्हणजे पडीक जमिनीचा एक तुकडा. पहाडगंजला तेवढी मोकळी जमीन नाही. तिथे लांब वाहिनी आणि ओखलाच हवं.

शुद्ध केलेलं पाणी नदीत सोडणं हा त्याचा सगळ्यात कमी प्रतीचा उपयोग. दिल्लीत दिल्ली गेट आणि सेन नर्सिंग होम या दोन नाल्यांवर लहान केंद्रं बांधली गेली आणि त्यांचं पाणी प्रगती वीजकेंद्राला थंडाव्यासाठी दिलं गेलं. नागपुरात भांडेवाडीच्या केंद्राचं पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राकडे जातं. तेवढं धरणाचं पाणी पिण्यासाठी वाचतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात याची किंमत कुणाला समजावून सांगायला नको.

हे सगळं पाहिल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. घाण पाणी शुद्ध करण्याचं तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे आणि जिवाणू आपलं काम चुकवत नाहीत. आपण कमी पडतो ते पाणी त्यांच्यापर्यंत पोचवण्यात. जोडणी नसलेली घरं, नालीत सोडलेला संडासाचा पाइप, तेलाने बुजलेली वाहिनी, बंद पंप या चारांपैकी एकही गोष्ट केंद्राच्या आत घडत नाही. नाले अडवून त्यांतलं सांडपाणी केंद्रांकडे वळवण्यासाठी दिल्लीने तीन मोठ्या नाल्यांच्या काठाने सुमारे ५९ किलोमीटरच्या अडवणूक वाहिन्या टाकल्या, त्या यासाठीच. उद्घाटन केंद्राचं होतं, फोटो केंद्राचा येतो. गल्लीतल्या जोडणीची फीत कुणी कापत नाही.

पुण्यात, नाशकात, ठाण्यात मोठ्या सोसायट्यांना आता आपलं स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे एसटीपी, असतं, आणि वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद करण्याचा मोह अनेकांना होतो. काही तास हवा मिळाली नाही की टाकीतले जिवाणू गुदमरू लागतात आणि बिघडलेला गाळ सावरायला पुढे कित्येक दिवस जातात. तुमच्या सोसायटीत एसटीपी असेल तर या रविवारी एकदा खाली जा. ऑपरेटरला एक लिटरचं माप भरायला सांगा, अर्धा तास तिथे थांबा आणि रेघ कुठे येते ते पाहा. ब्लोअर चोवीस तास चालतो का ते विचारा. टाकी साफ करायला कुणाला आत उतरवलं जातं का, हेही विचारा, आणि उत्तर ‘हो’ आलं तर ते त्याच दिवशी थांबवा. घरी तळणीचं तेल मोरीत ओतू नका.